चाळीसच्या बल्बचा आधार

चार राज्यांच्या विजेवरचा भार हलका व्हावा म्हणून आपल्या खोलीतला चाळीसचा बल्ब बंद करून अंधारात बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहत होतो. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत सुकलालआप्पा अगदी समोर राहायचे. रेडिओवर संध्याकाळच्या सातच्या बातम्या लागल्या की ते भिंतीवरचं घड्याळ बघत, कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात एक आकडा लिहीत, आणि आकडा दहाच्या वर असला की बल्ब बंद.

"वझं वाढनं," ते म्हणत. "आते पडी."

म्हणजे ओझं वाढलंय, आता पडेल. पडणार काय, तर गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गोवा यांना एकत्र बांधणारं विजेचं सगळं जाळं.

"एक बल्ब विझवून काय होणार आहे, आप्पा?" मी एकदा विचारलं.

"ग्रीडले तेवढाच आधार, सर."

आप्पा मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत एका पॉवरलूमच्या कारखान्यात वायरमन. शिक्षण सातवी. मी सातारचा, बी.एस्सी., विषय फिजिक्स, मराठी शाळेत विज्ञानाचा शिक्षक. मी आप्पांवर जळायचो, हे आधीच सांगून टाकतो. लाईट गेली की सगळी सोसायटी आप्पांच्या दारात. लूमवाले जयंतीभाई स्कूटर थांबवून विचारायचे, "आप्पा, आजे लाइट जशे के?" माझ्याकडून ओहमचा नियम शिकलेली मुलं माझ्याच खिडकीखालून पळत आप्पांकडे जायची. आणि कळस म्हणजे आमची सुमन. "अहो, जरा आप्पांना विचारून या ना, कधी येईल लाईट ते." आता फिजिक्सच्या पदवीधरानं चप्पल घालून विचारायला जायचं. मी जायचो, कारण मलाही कधी येईल ते कळायला हवंच असायचं.

आप्पांची सगळी विद्या त्या घड्याळात होती. त्याला ना चावी, ना सेल. वायर थेट भिंतीतल्या प्लगात. बंद पडलेल्या एका मिलच्या भंगारात आप्पांना अशा घड्याळांची जोडी मिळाली होती. दुसरं कुठंय म्हणून विचारलं तर "ते गावले शे," म्हणजे गावी आहे, एवढंच म्हणाले. हे घड्याळ विजेच्या चालीवर चालतं. सेकंदाला पन्नास आवर्तनं ही विजेची ठरलेली चाल. भार वाढला की लांब कुठेतरी वीजघरातली चाकं दमतात, चाल मंदावते आणि घड्याळही मागं पडतं. सकाळी सातच्या बातम्यांना आप्पा काटा बरोबर लावत. संध्याकाळी सातला घड्याळ किती मिनिटं मागं आहे, त्यावरून ग्रीड किती दमलंय ते त्यांना कळे.

हे शास्त्राला धरून आहे, हे मी पुस्तक काढून तपासलं होतं. बरोबर निघालं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

लाईट का जाते, हे तर ते असं सांगत की जयंतीभाईंनाही कळावं. "दहा जन एक दगड उचली ऱ्हायनात. एकना खांदा सुटना, तेनं वझं दुसरावर. तो बी सुटस. मंग तिसरा. शेवट जीव वाचाडाले बठाच दगड सोडी देतस." एक लाईन तुटली की तिचा भार शेजारच्या लाईनवर, ती तुटली की पुढचीवर, आणि शेवटी वीजघरं स्वतःला वाचवायला आपणहून बंद होतात. मी हेच फळ्यावर तीन आकृत्या काढून शिकवायचो, आणि तिसऱ्या आकृतीपर्यंत निम्मा वर्ग जांभया देत असायचा.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं ठरवलं की 'लाईट का जाते' यावर एक माहितीपर भाषण ठेवायचं. मी मनात भाषण लिहायला घेतलं. पाहिजे तर घरच्या घरी रोहित्राची प्रतिकृती करू म्हणून तांब्याची तार आणून ठेवली. दोन दिवसांनी सेक्रेटरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "सर, आप्पांची ओळख तुम्ही करून द्या. तुमचं बोलणं छान असतं."

ओळख. म्हणजे मी माईक धरायचा, आणि बोलायचं आप्पांनी. सुमन म्हणाली, "बरं झालं, आप्पा किती सोपं सांगतात." त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं, ते सज्जन माणसाच्या डोक्यात येत नाही.

आप्पांच्या खोलीची चावी आमच्याकडे असायची, आमच्या दारामागच्या खिळ्याला. ते कामावर असताना पाणी आलं की सुमन त्यांचे हंडे भरून ठेवी. भाषणाच्या दिवशी पाचला पाणी आलं तेव्हा मी म्हणालो, "आण, आज मी भरतो." लग्नानंतर मी पहिल्यांदाच हंड्याला हात लावत होतो. सुमनला कौतुक वाटलं. मी आप्पांचे हंडे भरले, स्टुलावर चढलो आणि घड्याळाचा काटा बरोबर अर्धा तास मागं फिरवला.

आप्पा साडेसहाला आले आणि सातच्या बातम्या लागल्यावर घड्याळ बघून मांडवात. तोंड उतरलेलं. मी ओळख करून दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "भाषन ऱ्हाऊ द्या. बठा दिवा बंद करा. बेचाळीस मिनिटं मांगे शे. इतलं कधीच नही जयं."

मंडळानं ऐकलं, कारण आप्पांवर विश्वास होता. गणपतीची माळ बंद, पाण्याची मोटर बंद, घराघरांतले पंखे बंद. दोन समयांच्या उजेडात सगळी सोसायटी घाम पुसत बसली. समोरची सोसायटी मात्र लखलखत होती. अर्धा तास गेला. काही पडलं नाही. एका पोरानं आप्पांची नक्कल केली, "आते पडी," आणि सगळा मांडव हसला. जयंतीभाई तर पोट धरून हसले. सेक्रेटरींनी माळ लावली आणि म्हणाले, "सर, तुम्हीच बोला आता."

मी बोललो. तिन्ही आकृत्या काढल्या. दुसऱ्या आकृतीला बायका प्रसाद घेऊन निघाल्या. आप्पा तर कधीच उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप. पहाटेच सुमनकडे चावी देऊन, उधना स्टेशनवरून गाडी धरून ते गावी गेले, असं कळलं. मला वाटलं, लाजेनं गेले. बरं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे चावी घ्यायला आले. सुमननं चहा ठेवला आणि विचारलं, "आप्पा, असे अचानक का गेलात?"

"बेचाळीस मिनिटं मांगे, वहिनी. माले वाटनं, ग्रीड पडी आनि तठे अंधार व्हई. माय लकवामा शे. घरवाली एकलीच. अंधारमा म्हातारीले कशी सांभायी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी आईचं अंग लुळं पडलं आणि बायको तिच्यासाठी गावी राहिली. तिला लिहिता-वाचता येत नाही. जोडीतलं दुसरं घड्याळ तिच्या भिंतीवर आहे. सकाळच्या बातम्यांना तीही काटा लावते, संध्याकाळच्या बातम्यांना मिनिटं मोजते आणि भिंतीवर कोळशानं तेवढ्या रेघा मारते. आप्पा गावी गेले की कॅलेंडर आणि भिंत ताडून बघतात. ग्रीड एकच, म्हणून दोघांची घड्याळं एकाच चालीनं मागं पडतात. गावात लाईट गेलेली असली तर तिच्या रेघा जास्त भरतात. इथं गेलेली असली तर आप्पांचा आकडा, पण भाषणाच्या दिवशी इथं लाईट गेलीच नव्हती.

"आनि या टायमाले?" सुमननं विचारलं.

"बारा. तिनी भिंतवर बाराच रेघा. आठे बेचाळीस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आठेन कोनी तरी काटा फिरावना. पोरं ऱ्हातीन. पन बरंच जयं, तेवढाच दोन दिस घर ऱ्हाई उनू."

सुमननं दारामागच्या खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बशी खाली ठेवली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सातला समोरचा बल्ब बंद झाला. मी चप्पल घालून गेलो आणि अंधारातच उभं राहून म्हणालो, "आप्पा, काटा मी फिरवला."

"माले मालूम शे. चावी तुमनाच घर ऱ्हास."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"वहिनी समोर व्हत्या."

आप्पांनी चाचपडत स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाले, "बसा. पुढला महिनामा मी गाव जास. चार दिस कॅलेंडर कोरं नको ऱ्हावाले. सकायना बातम्यास्ले काटा तुम्ही लावा, सर. तुम्हले फिरावता येस."

तेव्हापासून आप्पा गावी गेले की घड्याळाचं काम माझ्याकडे असतं. सकाळी काटा लावतो, संध्याकाळी मिनिटं मोजून कॅलेंडरवर लिहितो आणि लागलं तर बल्ब बंद करतो. तिकडे ते दोघं मिळून रेघा मारत असतील, हे डोक्यातून जात नाही. मी सुमनबरोबर एका खोलीत राहतो, पण आमचं एक मिनिट कधी जुळलं असेल तर मला आठवत नाही. आप्पांचा हेवा मला अजूनही वाटतो, फक्त आता तो विजेवरून नसतो.

आकडा लिहून घरी येतो तेव्हा सुमन पोळ्या लाटत असते. मान वर न करता विचारते, "आज किती?"

"चौदा," मी सांगतो.

मग ती उठते आणि आमची ट्यूबलाईट बंद करते.