आदर्श टेबल क्रमांक चार

जन्मनोंदणी कार्यालयातील टेबल क्रमांक चारचा कारकून वेळेवर येतो, अर्ज वाचतो, नोंद तपासतो, चूक असल्यास दुरुस्त करतो आणि शिक्का मारून कागद हातात देतो, ही बाब अकरा वर्षांनी वरिष्ठांच्या निदर्शनास आली. चौकशी झाली. कारकुनाने काहीही नाकारले नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आले होते. प्रत्येक कार्यालयाने आपल्यातले एक चांगले उदाहरण शोधावे, त्याचा इतरांवर सकारात्मक प्रभाव पाडावा आणि पडलेल्या प्रभावाचा अहवाल दरमहा पाठवावा. कार्यालयप्रमुखांनी कारकुनाला बोलावले.

"उद्यापासून तुम्ही आदर्श."

"म्हणजे नेमकं काय करायचं, साहेब?"

"आत्ता करता तेच. फक्त दिसेल असं करा."

दिसावे म्हणून दालनाच्या मधोमध दीड फूट उंच लाकडी चौथरा बांधण्यात आला आणि टेबल क्रमांक चार त्यावर चढवण्यात आले. भोवती खुर्च्या मांडल्या. इतर सहा टेबलांवरच्या कर्मचाऱ्यांची तिथे अकरा ते एक आणि दोन ते चार अशी नेमणूक झाली. त्यांच्या रिकाम्या टेबलांवर 'प्रभाव घेण्यास गेले आहेत' अशा पाट्या लागल्या. सहावा कर्मचारी डुलकीराव. तो पहिल्याच दिवशी खुर्चीत घोरला. त्याच्या नावापुढे 'प्रभाव पडण्यास अपात्र' असा शेरा मारून त्याला टेबलासकट जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत धाडण्यात आले.

आठवडाभरात खुर्च्यांतून तक्रार आली. काम फार लवकर होते. मान वळवेपर्यंत शिक्का बसलेला असतो. म्हणून आदेश निघाला की आदर्शाने प्रत्येक कृती आधी मोठ्याने जाहीर करावी आणि नंतर थांबावे. "मी आता अर्ज वाचत आहे," असे म्हणताना कारकुनाचे कान लाल होत. पंधरा मिनिटांचे काम दोन तास चालू लागले. अहवालात त्याची नोंद 'प्रभावाचा कालावधी आठपट वाढला' अशी झाली, आणि तो वाचून इतर कार्यालयांच्या तुकड्या बघायला येऊ लागल्या.

अशा दिवसांत कपडे शिवून घर चालवणारी एक बाई मुलीच्या जन्मवर्षाची दुरुस्ती घेऊन आली. मुलगी सहा वर्षांची. नोंदीप्रमाणे ती आईपेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. शाळेचा प्रवेश शुक्रवारी पाच वाजता बंद होणार होता, आणि शाळेतल्या बाईंनी सांगितले होते की या वयात पहिलीत घेता येत नाही. शिक्षिका म्हणून यायचे असल्यास अर्ज वेगळा आहे.

कार्यालयप्रमुखांना ही चूक फार आवडली. शेवटच्या रांगेतल्यालाही समजेल इतकी ती ठसठशीत होती. प्रात्यक्षिकासाठी हेच प्रकरण कायम करण्यात आले. अडचण एकच होती. शाईने दुरुस्ती केली की प्रकरण संपते. मग दुपारच्या तुकडीला काय दाखवायचे? म्हणून पेन्सिल आणि खोडरबर मंजूर झाले.

बाई मंगळवारी आली, बुधवारी आली, गुरुवारी आली.

"दादा, झालं का हो काम?"

"आज दोनदा झालं, ताई."

"मग द्या की!"

"पुसलं." कारकुनाने मान वर केली नाही.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने गुपचूप पेन उघडले. ज्ञापन आले. आदर्शाने सुट्टीत काम केल्यास इतरांवर दडपण येते, तरी असा प्रकार पुन्हा घडू नये. पेन जमा करून घेण्यात आले.

शुक्रवारी बाई थेट कार्यालयप्रमुखांच्या पुढ्यात उभी राहिली.

"साहेब, माझ्या पोरीचं वर्ष जाईल."

"अहो, तुमच्या पोरीच्या कागदावर आतापर्यंत एकशे चाळीस लोक सुधारले! अभिमान वाटायला हवा."

"मग त्या सुधारलेल्यांपैकी एकाला सांगा ना, माझं काम करायला."

"ते कसं करतील? ते बघताहेत."

साडेतीन वाजले होते. बाई दालनभर फिरली. टेबलामागून टेबल, पाटीमागून पाटी. शेवटी नोंदवह्यांच्या खोलीत तिला जागेवर असलेला एक माणूस सापडला. तो झोपला होता. तिने टेबलावर थाप मारली.

"काय आहे?" डुलकीरावाने एक डोळा उघडला. तिने अर्जाची पोच पुढे केली. त्याने ती वाचली, मागच्या फळीवरून मूळ नोंदवही ओढली, पान काढले, आकडा खोडला, शाईने नवा लिहिला, सही केली आणि दाखल्यावर शिक्का उठवला. बारा मिनिटे लागली.

"तुम्हाला हा अधिकार आहे?" बाईने भीतभीत विचारले.

"सातही टेबलांना आहे."

"मग मला बाहेर कुणी सांगितलं कसं नाही? आणि तुम्ही इतकं झटपट कुठे शिकलात?"

"अकरा वर्षं त्या चौथऱ्यावरच्याच्या शेजारी बसलोय. तेव्हा तो खाली बसायचा. बोलायचा नाही, दाखवायचा नाही. एका डोळ्याने का होईना, दिसतंच की." त्याने हात उशाला घेतले. "जाताना दार लावा. आणि पळा, शाळा बंद होईल."

पाचला चार मिनिटे कमी असताना मुलीचा प्रवेश झाला.

बाईने त्याच संध्याकाळी मशीन बाजूला सारून कागद घेतला. सुवाच्य अक्षरात तिने कार्यालयप्रमुखांना लिहिले की नोंदवह्यांच्या खोलीत एक देवमाणूस बसतो, इतका चांगला असूनही त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही, अशी माणसे सगळ्यांसमोर यायला हवीत.

सोमवारी दुसऱ्या चौथऱ्यासाठी सुतार माप घेऊन गेला. डुलकीरावाला उठवून उंची विचारण्यात आली.

बाईला दोष देता येणार नाही. पत्र मनापासून लिहिलेले होते, आणि दाखल्यावर शिक्का उठला त्याच क्षणी आपणही, वाचकहो, त्याच पत्राचे पहिले वाक्य मनात जुळवायला घेतलेच होते.