चंद्रावतीचा हार्मोन

चंद्रावती मागे बसली आणि निडी स्टेशनजवळ हिरामणच्या मोपेडचा टायर फुटला. टायर चार वर्षांचा, घासून गुळगुळीत झालेला. पुढे पायाशी पन्नास किलो तांदळाचं पोतं होतं. त्या पोत्याला कोणी काही बोललं नाही. नेमकी हिरामणच्या धाटावच्या कंपनीची दुसरी शिफ्ट रस्त्याने निघाली होती. कोणीतरी ओरडलं, "हिरामण, आता ट्रॅक्टर घे रे!" सगळे खदाखदा हसले. हिरामणही हसला, आणि घरी येऊन त्याने बायकोवर राग काढला.

"दिवाळीपर्यंत बारीक झालीस तर ठीक. नायतर गडबला बापाकडं नेऊन सोडीन. तितंच झिज."

आपल्याकडे बाईचं वजन हा गावकीचा विषय असतो. ज्याला रस्त्यातला खड्डा दिसत नाही त्याला बाईची कंबर बरोबर दिसते. चंद्रावतीवरही गावाने मन लावून उपचार केले होते. शेजारच्या पुतळीने लिंबू-मध पाजलं. रोह्याच्या एका पावडरवाल्याने महिन्यात दहा किलो उतरवायचं वचन दिलं. उतरलं फक्त पोट, तेही दोन दिवस. सासूने, म्हणजे धोंडुबाईने, सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही चतुर्थ्या मागे लावल्या. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि केळी यांच्यावर उपाशी राहून चंद्रावती आणखी पाच किलो वाढली.

बाकी दिनक्रम असा. नवऱ्याची पहिली शिफ्ट असली की चारला उठून भाकऱ्या. दुसरी असली की तो येईपर्यंत जागायचं, कारण साहेबांना ताट गरम लागतं. तिसरी असली की तो दिवसा झोपणार, म्हणून घरात भांडंसुद्धा वाजता कामा नये. कंपनीत शिफ्टला माणसं बदलत. घरात तिन्ही शिफ्टला एकच बाई होती.

शेवटी पुतळीला सोबत घेऊन ती पेणला गेली. रोह्याच्या दवाखान्यात गेलं तर गावभर होईल, ही भीती. पुतळीला सोबत नेलं तर काय होईल, हे तिच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरीणबाई वयस्क, शांत. आदल्या आठवड्यात घेतलेल्या रक्ताचा कागद समोर धरून त्या म्हणाल्या, "तुमचा हार्मोन बिघडलाय."

चंद्रावती दचकली. तिने पदर सावरला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव परक्या बाईच्या तोंडून ऐकायची तिला सवय नव्हती.

"बाई, तुमाला कुनी सांगितलं?"

"रिपोर्टमध्येच आहे की. सुस्त पडलाय. जे काम करायला हवं ते करतच नाही."

"रगतात दिसतं ते?" चंद्रावतीला विज्ञानाचं फार कौतुक वाटलं. "नायच करत, बाई. सुट्टीच्या दिवशी तर बाजेवरून पाय खाली ठेवत नाय."

पडद्याबाहेर पुतळीचे कान ताठ झाले.

"त्याच्यामुळेच वजन वाढतंय. थकवा, केस गळणं, सगळं त्याच्यामुळेच. रडू येतं का?"

"येतं. पन येळ नाय मिळत."

बाईंनी चष्मा काढला. काहीतरी घोटाळा आहे हे त्यांना कळलं. मग त्यांनी गळ्यावर बोट ठेवून नीट समजावलं. इथे एक ग्रंथी असते, तिच्यातून एक रस पाझरतो, त्याला हार्मोन म्हणतात, तो कमी पडला की अंगाचा गाडा मंदावतो. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे तासभर चहासुद्धा नाही. सकाळी चालायचं. सात तास झोपायचं. उपास बंद. चिडचिड, त्रागा नको. वजन हळूहळू उतरेल. घाई करायची नाही, आणि महिन्यात दहा किलोवाल्याला दारात उभा करायचा नाही.

चंद्रावतीला सगळं कळलं. पण मघाशीच बाहेर रडकं पोर आलं होतं, त्याच्या गोंगाटात पुतळीला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला गरजही नव्हती. तिच्या कामापुरतं तिने ऐकलं होतं.

ती घरी पोचली तेव्हा धोंडुबाई उंबऱ्यातच बसली होती.

"काय सांगितला गो डाक्टरणीनं? काय बिघडलाय?"

चंद्रावतीने तोंड उघडलं आणि तिथेच अडलं. तो शब्द जिभेवर येईना. आला तर नवऱ्याचं अर्धं नाव येत होतं, आणि ते तोंडातून निघालं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं ह्याच सासूने हळदीच्या अंगाला बजावलं होतं.

"ते... ते बिघडलंय, आत्याबाय."

"ते म्हंजे काय?"

"ते हो. ह्यांच्या नावासारखं."

"अगो सारखं कशाला, हिरामणच!" पुतळी कुंपणावरून ओरडली. "मी सोताच्या कानानं ऐकलाय, धोंडूमावशे! रगतात दिसला. हिरामण सुस्त पडलाय, काम करीत नाय, म्हनून चंद्रीचा वजन वाढलाय!"

धोंडुबाईने छाती बडवली. "माज्या पोराला काय झाला गो! आन् औषध? औषध काय सांगितला?"

इथे मराठी भाषा चंद्रावतीच्या मदतीला धावली. आपल्या भाषेत काय करायचं हे सांगताना ते कोणी करायचं हे सांगावंच लागत नाही. चंद्रावती एक शब्दही खोटा बोलली नाही. ती म्हणाली, "रोज सकाळी चालायचं. चिडायचं नाय. झोपमोड करायची नाय. नायतर पुन्हा बिघडल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच धोंडुबाईने हिरामणला बाजेवरून उठवलं.

"चाल."

"कुटं?"

"डाक्टरणीनं सांगितलाय चालायला. नळावर चाल. आन् रिकाम्या हातानं कशाला, हा हंडा घे."

"आये, डोका फिरला काय तुजा?"

"चिडू नको! तिचा वजन वाढल!"

हिरामण नळावर गेला. तिथे सोळा बायका होत्या आणि सोळाजणींना पुतळीने आधीच सगळं सांगितलं होतं. बायकांनी पदर तोंडात धरून त्याला नंबर दिला. बारा वर्षं चंद्रावतीला कोणी नंबर सोडला नव्हता.

मग ते वाढतच गेलं. गोळीनंतर तासभर चूल पेटवायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. चहा प्यायचा नाही एवढंच म्हणाल्या होत्या. पण धोंडुबाईने धोका नको म्हणून पहिला चहा करायचं काम हिरामणकडे दिलं. दुसऱ्या शिफ्टवरून तो आला की ताट झाकलेलं, बायको झोपलेली. त्याने आवाज चढवला की धोंडुबाई आतून ओरडे, "अर्धा किलो!" ही बातमी धाटावला पोचली. डब्याच्या वेळी त्याला लोक विचारू लागले, "काय हिरामण, आज कितीनं वाढवलीस?" ट्रॅक्टर घ्यायला सांगणारा बाबाजी यात सगळ्यांच्या पुढे होता.

दिवाळीच्या आठवड्यात हिरामणने कंपनीच्या कंपाउंडरला गाठलं. कंपाउंडरने कागदावर गळ्याचं चित्र काढून हार्मोन समजावला. हिरामण तो कागद झेंड्यासारखा नाचवत घरी आला. अंगणात फराळाला बायका जमल्या होत्या. करंज्या भरणं चालू होतं.

"फसवलंस!" तो कडाडला. "ते हार्मोन हाय! गळ्यातली गाठ! मी नाय! आये, मी बिघडलेला नाय! तीन महिने मला नळावर फिरवला हिनं! ह्या सगळ्या बायांपुढं खरा काय ते सांग, नायतर आत्ताच्या आत्ता गडब!"

चंद्रावतीच्या हातातली करंजी तशीच राहिली. आठ दिवसांपूर्वी पेणला तिचं वजन केलं होतं, चार किलो उतरलं होतं. पण तिला आठवत होती ती झोप. ती झोप परत जाणार होती. ती हळूच म्हणाली, "मी कसं सांगू? त्या शब्दात तुमचं नाव येतं. माझ्या तोंडानं तुमचं आयुष्य घटवू?"

"व्हय तं!" धोंडुबाई गरजली. "बायकोनं नाव घ्यायचा नसतो!" मग तिलाच तोडगा सुचला. "उखाण्यात चालतंय. उखाण्यात घे गो, आन् काय खरा तो सांग एकदाचा."

चंद्रावती उठली. पदर खांद्यावर घेतला, खाली बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली,

"गळ्यात मंगळसूत्र, गळ्यातच गाठ,
हिरामणराव सुधारले की वजन सोडतं पाठ!"

अंगण हशाने फुटलं. "खरा सांगितला! गाठीसकट सांगितला!" पुतळी टाळ्या पिटत उठली. "धोंडूमावशे, मलाबी पेणला जायचाय गो. माज्या घरीबी एक हिरामण हाय, नाव तेवढा नाथा!"

"माज्याबी," करंज्या लाटणारी गोदूबाई म्हणाली. मग एकेक करत सगळ्याच म्हणाल्या.

हिरामण कागद हातात धरून उभा राहिला. त्याने चिडायला तोंड उघडलं, तेवढ्यात अंगणातल्या सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "अर्धा किलो!"

सकाळी चंद्रावतीने गोळी घेतली, नुसत्या पाण्याबरोबर. पाणी ताजं होतं. हंडा नुकताच नळावरून आला होता.