सगळे सीतेची वाट पाहून राह्यले!

लॉग वाचता येण्यासारखा करणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं मी सोमवारी सगळ्यांच्या देखत म्हणालो. व्हिडिओ मिटिंगमध्ये म्हणालो, त्यामुळे ते रेकॉर्डही झालं!

"सर, शुक्रवारपर्यंत लॉग असा करून देतो, की आमच्या शेजारचे मुखरूभाऊसुद्धा वाचतील. चष्मा न लावता!"

आमचे राजदीप सर नागपूरच्या ऑफिसात बसतात. ते हसले नाहीत. "शुक्रवार, चार वाजता," ते म्हणाले. "सकाळपासून बिल्ड अडकून राह्यली. कुठी अडकते अन् कोणामुळं अडकते, ते तू मले फोनवर सांगशीन. नाई सांगितलं तं घरून काम बंद! सामान घेऊन नागपूरले येऊन बसाचं."

मी हसत हसत हो म्हणालो आणि कॅमेरा बंद करून घाम पुसला. घर म्हणजे झाडीपट्टीतलं वडसा. माझी बायको सत्यशीला इथून आठ किलोमीटरवरच्या शाळेत मास्तरीण आहे. लग्नानंतर सहा वर्षं ती इकडे आणि मी पुण्यात, असा आमचा संसार चालला. फोनवरच भांडायचं आणि फोनवरच समजूत काढायची! आता कुठे वर्षभर एका ताटात जेवतोय. ते सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

आता हा लॉग काय प्रकार आहे ते सांगतो. आम्ही राईस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्याचे शेकडो तुकडे असतात, ते कॉम्प्युटर जोडतो. त्या जोडणीला बिल्ड म्हणतात. काम लवकर उरकावं म्हणून आठ थ्रेड, म्हणजे आठ कामगारच म्हणा ना, एकाच वेळी भिडतात. आणि आठही जण आपण काय करतोय ते एकाच वहीत लिहितात! ती वही म्हणजे लॉग. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा घुसतो, त्याचं अर्धं होत नाही तोवर तिसरा. पंगतीत आठ वाढपी एकदम ओरडले, तर तुमच्या पानात भात आला की भजी, हे कळतं का?

मी दोन युक्त्या केल्या. पहिली, आठ थ्रेडना नंबरांऐवजी घरच्या माणसांची नावं दिली. मामी चंदा, मामा हरिदास, आत्या सीता, मावसभाऊ पवन वगैरे. दुसरी, मुखरूभाऊंची पैज लावली होती म्हणून सगळे निरोप मराठीत केले. आता वहीत दिसायचं, "चंदा : मी हरिदासची वाट पाहत आहे." किती सुंदर! फक्त ओळींची सरमिसळ होती तशीच राहिली. चंदाच्या एका ओळीनंतर पवनच्या तीन, मध्येच हरिदास, मग पुन्हा चंदा. स्क्रीनवर बघून बघून डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा ठरवलं, कागदावर छापायचं आणि आठ रंगांच्या स्केचपेनांनी रंगवायचं. पहिलीतल्या पोरासारखं!

शुक्रवारी सकाळी झिंगूच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. थंडीत वडशाला नाटकाचा सीझन. झिंगूच्या दुकानात नाटक कंपन्यांची ही गर्दी! चाळीस पानं छापून झाली, झिंगूने सुतळीने गठ्ठा बांधून हातात दिला आणि तेवढ्यात लाइट गेली.

"आता साडेचारलेच येते," झिंगू म्हणाला. "लाईनचं काम चालू हाय."

मला काय फरक पडत होता? कागद हातात होता. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते, पण कागदाला कुठे लागते बॅटरी! मी ऐटीत घरी आलो, जेवलो, स्केचपेनं मांडली आणि गठ्ठा सोडला.

पहिल्याच पानावर होतं, "पाटील : खबरदार! माझ्या वाड्यात पाऊल टाकशील तर तंगडी मोडीन!"

खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. म्हटलं, काय सुधारलाय लॉग! पाटील नावाचा थ्रेड मी केलेला आठवत नव्हता, पण कोणी तरी कोणाला तरी आत येऊ देत नाही, हे बिल्डमध्ये नेहमीच होतं. मी पाटलाला लाल रंग दिला. दुसऱ्या पानावर इन्स्पेक्टर आला. त्याला खाकी नव्हता म्हणून चॉकलेटी दिला. तिसऱ्या पानावर कंसात लिहिलं होतं, "पडदा पडतो."

झिंगूने गठ्ठे बदलले होते. माझ्याकडे नाटक आलं होतं, म्हणजे माझा लॉग नाटकवाल्यांकडे गेला होता. घड्याळात दोन पन्नास. लाइट नाही. पुन्हा छापायची सोय नाही. चपला उलट्या घालून मी पळत सुटलो.

झिंगूने कंपनीचं नाव सांगितलं आणि मला धीर आला. त्या कंपनीचे प्रॉम्प्टर म्हणजे आमचे मुखरूभाऊच! झाडीपट्टीत नट एका सीझनला दहा-दहा नाटकं करतात, सगळी पाठ कशी होणार? म्हणून प्रॉम्प्टर आडून एकेक वाक्य पुरवतो आणि नट ते उचलतो. मुखरूभाऊ चाळीस वर्षं हेच करतात. नट गप्प झाला, की त्यांचा जीव कासावीस होतो.

तालमीच्या हॉलमध्ये शिरलो आणि दारातच थांबलो. उर्वशी नावाची हिरोईन ढसाढसा रडत होती.

"मी हरिदासची वाट पाहत आहे!" ती म्हणाली. मग हुंदका. "मी हरिदासची वाट पाहत आहे!" पुन्हा हुंदका. "मी अजूनही हरिदासची वाट पाहत आहे!"

कोपऱ्यात बसलेले कंपनीचे मालक दुपट्ट्याने डोळे पुसत होते. "वन्समोर घेते हे!" ते म्हणाले. "एकच वाक्य, पण काळजाले हात घालते!"

"मालक, थांबा!" मी ओरडलो. "हे नाटक नाही! हा माझा लॉग आहे!"

"लॉग असो का काही असो, झकास लिवला तुमी," मालक म्हणाले. "मले पयले डाऊट आला होता. पयल्या अंकात हिरोईनचं नाव रंजना, अन् ह्या दुसऱ्या अंकात चंदा. मंग मुखरूभाऊच म्हणले, मधात लग्न झालं असन, सासरी नाव बदललं!"

तेवढ्यात पेटीमागून मुखरूभाऊंनी डोकं वर काढलं. हातात कात्री होती.

"तू लिवलं हे, प्रफुलबाबू? अक्कल नाई का गा तुले? आठ जण एका टायमाले बोलून राह्यले! मी कोणाले आधी सांगू? शेवटी बसलो अन् सारे कागद कापले."

"कापले?" माझा आवाज चिरकला.

"कापले. अन् ज्याचे बोल त्याचे त्याले चिकटवून नकला करून देल्ल्या."

नक्कल म्हणजे नटाची आपापली वही. त्यात दुसऱ्याचं काही नसतं, फक्त आपण बोलायचं ते, ओळीने. सतरंजीवर माझा चाळीस पानांचा लॉग सात जुड्या होऊन पडला होता. मी रडायच्याच बेतात होतो. चंदाची जुडी उचलली. वाचली. हरिदासची वाचली. पवनची वाचली.

आणि मला सगळं समजलं! चार दिवस जे जमलं नाही ते मुखरूभाऊंनी कात्री आणि खळीने दुपारच्या चहाच्या आत केलं होतं. चंदा हरिदासची वाट पाहत होती. हरिदास म्हणत होता, सीतेने काम दिल्याशिवाय मी हलणार नाही. पवन सीतेसाठी थांबला होता. उरलेले चौघेही सीतेसाठीच थांबले होते. आठापैकी सात जण एका बाईच्या तोंडाकडे बघत उभे होते!

"सीतेची नक्कल कुठे आहे?" मी विचारलं. तीन चाळीस झाले होते.

"तिचा पार्टच काढला," मालक म्हणाले. "दोन-तीन वाक्यं बोलते अन् गप होते. तेवढ्यासाठी वडशाहून गावोगाव बाई कोण फिरवन?"

"पण सगळे तिचीच वाट पाहतायत!"

"म्हून तं मजा हाय! येतच नाई ती. पब्लिक विचार करत घरी जाते."

मी सतरंजी उचलली. पेटी हलवली. तबल्याखाली पाहिलं. कचऱ्याची टोपली उलटी केली, तर त्यातून उर्वशीची हरवलेली बांगडी सापडली आणि तिने माझे आभार मानले. पण सीता नाही! डोळ्यांपुढे नागपूरची खोली, गॅसची छोटी शेगडी आणि फोनवर भांडणारी सत्यशीला दिसायला लागली. एकट्याने खिचडी खायची वेळ पुन्हा येणार!

"मुखरूभाऊ, आठवा ना! बारकासा कागद असेल. माझा संसार आहे त्याच्यावर!"

"एवढंसं तं होतं ते," मुखरूभाऊ बंडीचे खिसे चाचपत म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी काढली. प्लास्टिकच्या पन्नीभोवती गुंडाळलेली सीता होती!

त्यांनी कागद सोडवून डोळ्यांसमोर धरला आणि माझा फोन वाजला. चार वाजले होते. घाईत उचलताना स्पीकर चालू झाला.

"बोल प्रफुल," सरांचा आवाज हॉलभर घुमला. "कुठी अडकली बिल्ड?"

"सर, सीता... म्हणजे एक थ्रेड आहे, तो मध्येच गप्प होतो. त्यामुळे बाकीचे सात थांबून आहेत."

"वा! चार दिवसांत पयल्यांदा कामाचं बोलला. काऊन गप्प होते? कोणामुळं?"

कागद मुखरूभाऊंच्या हातात. मी वाचलेला नाही. मी गप्प. आणि चाळीस वर्षांची सवय मुखरूभाऊंना कशी सोडणार? त्यांनी खणखणीत आवाजात वाक्य पुरवलं.

"सीता : मोजमाप नावाची फाईल सापडत नाही. ती सोमवारी सकाळी काढून टाकण्यात आली. काढणारा, प्रफुल!"

हॉलमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तेव्हाच आठवलं. सोमवारी सकाळी मी जुनी अडगळ साफ केली होती. मोजमाप हे नाव मला जुनाट वाटलं होतं!

फोनमधून काहीच आवाज येईना. मुखरूभाऊंनी माझ्या कानाशी येऊन कुजबुज केली, "चुकी झाली, साहेब."

"चुकी झाली, साहेब," मी म्हणालो.

"पुन्हा असं करणार नाई."

"पुन्हा असं करणार नाई."

"कंसात, पाय धरतो."

"कंसात, पाय धरतो," मी म्हणालो. डोकं बंद पडलं होतं हो माझं!

फोनमधून पहिल्यांदा ठसका ऐकू आला. मग सर इतके हसले, इतके हसले, की मालकांनी वहीत काही तरी लिहून घेतलं.

"अबे, तो वाचणारा कोण हाय?" सरांनी शेवटी विचारलं.

"शेजारचे मुखरूभाऊ, सर. चष्मा न लावता वाचलं त्यांनी. आणि लॉग कापून ज्याचे बोल त्याचे त्याला चिकटवले!"

"मंग तू पैज जिंकला. त्या भाऊंनी केलं तसंच कर. एकाचं काम पुरं झालं की त्याचे सारे बोल एका जागी छापाचे. अन् कोणी मधातच गप झाला तं त्याचं आधी छापाचं!"

"हो सर. आणि सर, नागपूर?" माझा जीव कानात गोळा झाला होता.

"नागपूर? नको बापा! तू वडशालेच राह्य. जनमभर राह्य! तुले ऑफिसात आणून बसवलं तं एकेकाच्या टेबलावरून फायली गायब करशीन. लांबून जेवढं नुकसान करतो तेवढं पुरे हाय!"

मी मालकांना त्यांचा अंक परत केला. पाटील लाल रंगवलेला पाहून ते खूश झाले. घरी आलो तर सत्यशीला शाळेतून येऊन दारातच उभी होती. पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती.

"काय म्हणले तुमचे सर?" तिने विचारलं. "जा लागते का नागपूरले?"

"नाही! वडशालाच राहा म्हणाले. जन्मभर!"

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पदराने पुसत म्हणाली, "मले माहीतच होतं. एवढे खूश हायेत का तुमच्या कामावर?"

मी म्हणालो, "खूप!" आता ही गोष्ट छापून आल्यावर ती वाचेल, तेव्हा काय सांगायचं ते मुखरूभाऊंना विचारून ठेवलंय.