जावयांनी घेतलेले तीन नमुने

“अहो, ताट वाढलंय, निवतंय बघा.” आईची ती हाक लेकीच्या कानात अजून होती. बाबा पारावर असोत की परगल्लीत, त्या हाकेसरशी घराकडे वळायचे. मागल्या वर्षी हाक थांबली. बाबा लेकीकडे राहायला आले, आणि दिवस कलला की चपला घालून उंबऱ्यात उभे राहू लागले. म्हणायचे, जरा हॉटेलात बसून येतो.

एकदा शेजारणीने लेकीच्या कानात सांगितलं, की ते हॉटेल कसलं, बारच तो. बाबांचं यकृत नाजूक. दारूचा थेंबही डॉक्टरांनी वर्ज्य केलेला. लेकीने नवऱ्याला सांगितलं, स्वतः जाऊन बघून या. बार निघाला तर बाबांचं संध्याकाळी बाहेर पडणं बंद.

जावई दुग्धशाळेत नमुने तपासायचे. कॅनवरची चिठ्ठी वाचून दुधाची परीक्षा करू नये, हे त्यांचं व्रत. इथे पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘रेस्टॉरंट’ होतं, खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी, आणि तिथलाच दिवा गेलेला. आत एका टेबलावर नवराबायको भात जेवत होते, मधल्या टेबलावर एकजण आपल्या ग्लासाशी भांडत होता. कोपऱ्यात बाबा, पाठमोरे. पुढ्यात सोनेरी काहीतरी.

नुसत्या रंगावर निकाल देणं जावयांना पटेना. त्यांनी हळूच बोट दाखवून ‘त्यांना दिलंय तेच आणा’ म्हणून सांगितलं. बोटाच्या वाटेत मधलं टेबल होतं. वाढप्याने त्या भांडणाऱ्याचं पेय आणून ठेवलं.

दुग्धशाळेत घोट चाखून थुंकतात. इथे थुंकायची सोय नव्हती, म्हणून जावयांनी गिळला. घसा पोळला, शंका फिटली. पण एका नमुन्यावर शेरा मारायचा नाही, हा खात्याचा नियम. त्यांनी दुसरा मागवला. तिसरा संपवून ते उभे राहिले आणि टेबलाला धरून मोठ्याने म्हणाले, “या दुधात पाणी फार कमी आहे.”

आवाज ओळखून बाबा वळले.

जावयांना खांद्यावर घेऊन सासरे दारात आले, तेव्हा लेकीने आधी नवऱ्याचं तोंड हुंगलं आणि नाक धरलं. मग बाबांचं हुंगलं. सफरचंदाच्या रसाचा वास.

“बाबा, नुसता रस प्यायला त्या काळोखात जाता? चौकात चांगलं हॉटेल आहे की. उजेड आहे, चार घरची माणसं येतात.”

बाबा खाली बसून जावयांच्या बुटाची नाडी सोडू लागले. गाठ सुटेना. मान वर न करताच ते म्हणाले,

“गेलो होतो गं तिथे. वाढप्याने विचारलं, एकटेच का? हो म्हटलं, तर समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला लावली. त्या बारमध्ये ती खुर्ची कोणी हलवत नाही.”