मानोजीरावांचा टिकल्यांचा नकाशा

आमचे शेजारी मानोजीराव कुणाच्याही तेराव्याला गेले की पान वाढायच्या आधी दोन प्रश्न विचारतात. “काय होऊन गेले?” हा पहिला आणि “मूळ ऊरु कुठला?” हा दुसरा. ऊरु म्हणजे गाव. पहिल्याचं उत्तर “हार्ट” असं आलं की ते चष्मा कपाळावर ढकलतात आणि यजमानाच्या कानाशी लागतात. “हार्ट सोडा हो. त्याच्या आधी पोट कसं होतं? संडासवाटे रक्त जात होतं का?”

त्यांच्या मते हे कुजबुजणं असतं. प्रत्यक्षात ते आचाऱ्यापर्यंत ऐकू जातं. पंगतीतले दोन-चार हात वड्यावरून मागे येतात. मानोजीराव मात्र खिशातून लाल पुठ्ठ्याची डायरी काढतात, मिळालं ते लिहितात आणि मग चवीनं जेवतात. पायसम दोनदा मागून घेतात.

मैसूरच्या कडेला असलेल्या आमच्या हिनकलमध्ये त्यांना चित्रगुप्त म्हणतात. त्यांच्या कानावर हे आलं आहे आणि त्यांना ते आवडतंही, कारण त्यांच्या मते चित्रगुप्ताची नोंद त्यांच्या जुन्या कचेरीपेक्षा नक्कीच बरी असणार.

मी मूळची सांगलीची. पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली मैसूरला झाली, हिनकलला घर घेतलं आणि इथल्या एका शाळेत मी भूगोल शिकवू लागले. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, “मराठी का तुम्ही? आम्ही पण मराठीच की!” पुढची पंधरा मिनिटं ते जे बोलले त्यातलं निम्मं कन्नड होतं, पण मराठी म्हणून ते मला इतकं गोड लागलं की मी चहाला बोलावून बसले. त्यांचे खापरपणजे मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. “आम्ही घोड्यावर बसून मैसूरला आलो टीचरम्मा,” ते म्हणाले, “आणि उतरलो ते थेट फायलीत.” तेव्हापासून मी टीचरम्मा.

फायलीत म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदीत. एका लहानशा गावच्या कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं तेच काम केलं. मी भूगोल शिकवते हे कळल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती कोऱ्या नकाशाची. मी शाळेतला जिल्ह्याचा नकाशा मोठा करून दिला. महिन्याभरानं त्यांच्याकडे गेले तर हॉलच्या भिंतीवर तो नकाशा, आणि त्याच्यावर ठिकठिकाणी बायकांच्या कपाळाच्या मखमली टिकल्या! मला वाटलं, बुवांनी देवीचं काही व्रत धरलं आहे.

“लाल म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर, नक्की. मरून रंगाची म्हणजे संशय,” त्यांनी समजावलं.

“टिकल्या कशाला? टाचण्या लावा.”

“टाचणीनं भिंत खराब होते.” एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. टिकल्यांचा गोंद केव्हाच वाळून गेला होता, एकेक टिकली ते खळ लावून चिकटवत होते. मी नवी पाकिटं आणून देते म्हटलं तर “बेडा, बेडा” म्हणत त्यांनी पत्र्याचा डबा झाकून टाकला. नको म्हणजे नको.

आता हा छंद कुठून लागला, असं कुणीही विचारील. मी विचारलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची कात्रणंच पुढे टाकली. “बघा, श्रीमंत देशांत हा रोग जास्त. पण तिथं मरणाचं प्रमाण उतरतंय. आपल्याकडं रोग कमी, पण शहरांत चढतोय. का अंता कुणी सांगेल?” कन्नडमधलं ‘अंता’ म्हणजे ‘असं’. ते दर वाक्याला लागतं, जसं काही लोक दर घासाला लोणचं लावतात.

मी आपली शिक्षिकेच्या थाटात म्हणाले, “मानोजीराव, नुसत्या टिकल्या मोजून दर निघत नाही. कुठे किती लोक राहतात, त्यांत म्हातारे किती, हेही धरावं लागतं.” दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. यांनी मला वाकून नमस्कार केला आणि पुढचे पंधरा दिवस गावोगावच्या लोकसंख्येचे कागद जमवत हिंडले.

कचेरीतल्या माणसाला दिसतं ते आम्हाला दिसत नाही. नकाशात मैसूर शहर टिकल्यांनी भरून गेलं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, शहरातलं खाणं, बसून कामं. मानोजीराव हसले. “तेवढंच नव्हे. पेशंट खेड्यातला, ॲडमिट होताना पत्ता मैसूरच्या भाच्याचा. मेला की टिकली भाच्याच्या गल्लीत! अशा सात टिकल्या मी परत त्यांच्या ऊरला पाठवल्या.” ते टिकल्या परत पाठवल्याचं अशा समाधानानं सांगत होते, जणू हरवलेली मुलंच घरी पोचवली.

“आणि खेड्यात मेला तर?” मी विचारलं.

“तर माझ्यासारखा गुमास्ता ‘हृदयक्रिया बंद’ लिहितो. घरचे सांगतील ते लिहायचं. कॅन्सर कोण सांगतंय, तो पण तिथला? लाज वाटते. आणि हार्ट बंद पडल्याशिवाय कोण मरतं सांगा? खोटं नव्हतंच ते.” मग म्हणाले, “खरं पण नव्हतं.”

म्हणूनच नकाशावरच्या कोऱ्या जागा बघून ते कधी खूश होत नसत. “पांढरं म्हणजे साफ नव्हे टीचरम्मा, पांढरं म्हणजे विचारलं नाही.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान शंभरदा ऐकलं असेल. एकदा आम्ही त्यांना तलकाडला घेऊन गेलो. आम्ही वाळूतली देवळं बघत फिरलो आणि हे दोन तास चहाच्या टपरीवर म्हाताऱ्यांना त्यांच्या गेलेल्या भावाबहिणींची पोटं विचारत बसले. परतताना दोन मरून टिकल्यांची कमाई झाली होती. “वाळू काढली तर देऊळ,” गाडीत ते म्हणाले, “नाही काढली तर सगळे टेकडीच म्हणतात.”

त्यांचा एक सिद्धांतही होता. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, खाणाऱ्याला हा रोग होत नाही. वर्षभर त्यांनी तो हिनकलभर सांगितला, आमच्या घरात आठवड्यातून तीनदा मुद्दे करायला लावले. नवरा रडकुंडीला आला. मग एक दिवस मानोजीराव येऊन म्हणाले, “चुकलं. तो सिद्धांत कॅन्सल.”

“का?”

“रोज मुद्दे खाणारं एक माणूस मला माहीत आहे. मी सोयीनं विसरलो होतो.” कोण माणूस, ते काही सांगितलं नाही.

पण या सगळ्या नकाशात त्यांचा जीव अडकला होता तो एकाच गावात, पिरियापट्टणात. तंबाखूच्या भट्ट्यांच्या त्या तालुक्यात एकही टिकली नव्हती आणि तिथे त्यांची एकुलती एक मुलगी नलिनी दिली होती. दर रविवारी दहा वाजता ते तिला फोन करत. जावई कसे, नातू काय शिकतो, पाऊस पडला का, यातलं काही नाही. थेट “पोट?”

नलिनी अर्थातच वैतागे. त्यांना हवं होतं की तिनं मैसूरला येऊन ती कॅमेऱ्याची, कोलोनोस्कोपीची तपासणी करून घ्यावी. ती म्हणे मला काही होत नाही. ते म्हणत, होत नाही तेव्हाच करायची. फोन ठेवला की ते माझ्याकडे येऊन बसत आणि म्हणत, “सेहेचाळीस झालं तिचं वय. सेहेचाळीस.” आता सेहेचाळीस म्हणजे काही जगबुडी नव्हे. मीच एक्कावन्न वर्षांची होते. मी त्यांना तसं म्हटलंही. ते चहा तसाच ठेवून उठले.

गेल्या दसऱ्याला नलिनी माहेरी आली. इथल्या रिवाजाप्रमाणे दसऱ्याच्या बाहुल्या मांडायला मला बोलावलं होतं. मी आणि ती पायऱ्यांवर लाकडी राजा-राणी बसवत होतो आणि मानोजीराव मागून तेच एक तुणतुणं वाजवत होते. शेवटी तिचा संयम सुटला.

“साकु अप्पा, साकु! बास करा! सगळ्या मैसूरला त्रास देता तो देता, मला कशाला? आपल्या घरात कुणाला होता हा रोग? सांगा, कुणाला? अम्मा हार्टनं गेली. तुम्हीच तर लिहिलं ना आपल्या हातानं!”

मानोजीराव खुर्चीत बसले.

“मीच लिहिलं,” ते म्हणाले. “म्हणूनच तुझ्या मागं लागलोय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, वर्षभर रक्त जात होतं. त्यांनी मूळव्याध म्हणून अंगावर काढलं, नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. नलिनी वसतिगृहात होती, तिचं लग्न पिरियापट्टणच्या लोकांशी ठरलेलं. सासरी कळलं तर लग्न मोडेल या भीतीनं सुंदराबाईंनी नवऱ्याकडून वचन घेतलं होतं की या रोगाचं नाव काढायचं नाही. पोरीला अल्सर म्हणून सांगितलं. आणि त्या गेल्यावर चौथ्या दिवशी कचेरीत जाऊन मानोजीरावांनी स्वतःच रजिस्टर उघडलं: सुंदराबाई, वय सत्तेचाळीस, कारण हृदयक्रिया बंद.

“रोज मुद्दे खायची,” ते मला म्हणाले.

“सव्वीस वर्षं,” नलिनी म्हणाली. तिच्या हातात लाकडी राणी तशीच होती. “गावभर सगळ्यांना विचारत हिंडलात. मला सव्वीस वर्षांत एकदा सांगावंसं वाटलं नाही?”

“वाटलं. रोज वाटलं. तू म्हणशील, अम्माला सुद्धा फायलीत घातलं.” आणि हा माणूस, जो तेराव्याच्या पंगतीत पायसम दोनदा मागून घेतो, तो माझ्यासमोर तोंडावर उपरणं धरून रडला. मलाही रडू आवरेना. कुठे बघावं कळेना म्हणून मी नकाशाकडे बघत राहिले आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की तो पत्र्याचा डबा कुणाचा, त्या जुन्या टिकल्या कुणाच्या. त्यांतली एकही हिनकलच्या या घरावर किंवा त्यांच्या नोकरीच्या गावावर लावलेली नव्हती.

नलिनी त्याच दिवशी परत गेली. पुढचे पाच रविवार मानोजीराव दहा वाजता फोनजवळ बसत आणि नंबर न लावताच उठत. तेरावी चुकवू लागले. आचाऱ्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, चित्रगुप्त आजारी आहेत का?

सहाव्या आठवड्यात एका दुपारी नलिनी पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. “टीचरम्मा, उद्याचं नाव लावलंय हॉस्पिटलात. अप्पांना सांगा, बरोबर चला अंता. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही, पण एकटी जायला भीती वाटते.”

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. नलिनी माहेरच्या घरात राहिली आणि दोन घरांच्या मधे निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मानोजीराव संकोचानं आमच्या घरात येऊन बसले होते आणि दर दहा मिनिटांनी मला पाठवत होते, “बघून या, किती वेळा झालं?” नलिनी आतून ओरडायची, “त्यांना सांगा, मोजत नाहीये!” सारी जिंदगी दुसऱ्यांच्या संडासाची चौकशी करणारा माणूस स्वतःच्या लेकीपुढे लाजत होता, हे बघून मला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही तीन तास बसलो. शेजारी पिरियापट्टणकडचाच एक शेतकरी होता. आपण होऊन सांगू लागला, भाऊ गेला, पोटाचंच होतं काहीतरी. मी मानोजीरावांकडे पाहिलं. आख्ख्या तालुक्यातली पहिली टिकली त्यांच्या मांडीपाशी येऊन बसली होती. त्यांनी डायरी काढली नाही. त्या माणसाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “तुम्ही तपासून घ्या हो. तुम्ही घ्या.” आणि पुन्हा दाराकडे बघत बसले.

नलिनीच्या आतड्यात दोन लहान कोंब, पॉलिप, सापडले. तिथल्या तिथे काढले. आठवड्यानं अहवाल आला, साधे होते. डॉक्टरांनी सांगितलं, असेच ठेवले असते तर पुढे काय झालं असतं सांगता येत नाही, काही वर्षांनी पुन्हा दाखवा.

अहवाल घेऊन आम्ही तिघं त्यांच्या हॉलमध्ये आलो. मानोजीरावांनी डबा उघडला, एक लाल टिकली काढली, खळ लावली आणि आपल्या जुन्या नोकरीच्या गावावर चिकटवली. बोट बराच वेळ तिथेच दाबून धरलं. मग ते पिरियापट्टणच्या कोऱ्या जागेपुढे उभे राहिले आणि अडले.

“टीचरम्मा, वाचलेल्याला कुठला रंग?”

एवढी वर्षं त्या नकाशात मेलेल्यांचीच सोय होती.

नलिनीनं कपाळावरची हिरवी टिकली काढली आणि पिरियापट्टणवर लावली. तिला खळ लागली नाही.

मानोजीरावांनी खिशातून डायरी काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला. “कारणाच्या रकान्यात काय लिहू?” त्यांनी भीत भीत विचारलं. सात आठवड्यांत ते तिच्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य.

“विचारलं,” नलिनी म्हणाली. “विचारलं अंता लिहा, अप्पा.”