मुळ्ये मॅडम आणि त्यांचे मौके

आमच्या कॉलेजातल्या ऑनर्सच्या मुलांची पहिली तोंडी परीक्षा विद्यापीठ घेत नाही. ती जवाहर चौकातला मोजेवाला घेतो.

हे मी गमतीनं म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी जवाहर चौकात या. उसाच्या रसाची गाडी आणि मोजे-रुमालांची गाडी यांच्यामध्ये एक दोरी बांधलेली दिसेल. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेलं संशोधनाचं पोस्टर असेल, पोस्टरपुढे घामाघूम झालेला एखादा मुलगा नाहीतर मुलगी असेल, आणि शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर रसाचा ग्लास धरून बसलेल्या डॉ. उषा मुळ्ये असतील. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका आणि आमच्या ऑनर्स विभागाच्या प्रमुख.

"दिल्ली-हैदराबादच्या कॉन्फरन्सला मग जा," त्या म्हणतात. "आधी शकीलभाईंना समजावून दाखव."

शकीलभाई म्हणजे मोजेवाले. ऐकून ऐकून ते आता पक्के परीक्षक झालेत. मुलाचं बोलणं संपलं, की एक मोजा झटकत ते शांतपणे विचारतात, "बाकी सब ठीक है बेटा, पर आपने किया क्या?" गणिताच्या एका हुशार मुलानं त्यांच्यापुढे फार वेळ घसा कोरडा केला. शेवटी शकीलभाईंनी त्याला मोज्यांची एक जोडी फुकट दिली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मेहनत दिख रही है." मुलगा घरी जाऊन रडला म्हणतात. पण पुढच्या महिन्यात तोच मुलगा परत आला आणि असा बोलला, की रसवाल्यानंही चरक थांबवून ऐकलं. त्या संध्याकाळी मुळ्ये मॅडमनी सगळ्यांना रस पाजला. मलाही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझे वडील इथे, हिंदी मुलखात, कारखान्यात नोकरीला म्हणून पुण्याहून आले, त्यामुळे आमच्या घरात मराठी इस्त्री करून बोलतात. मॅडम उज्जैनच्या. त्यांची मराठी हिंदीच्या मांडीवर बसलेली. एके दिवशी स्टाफरूममध्ये येऊन त्या मला म्हणाल्या, "अहो सरदेसाई, तुम्ही नुसते बसून काय राहिलात? चला ना, मुलं वाट बघून राहिली." एवढ्या एका वाक्यावर मी ऑनर्स विभागाचा सहप्रमुख झालो. प्राचार्यांची ऑर्डर नंतर आली.

'मौका' हा त्यांचा लाडका शब्द. संशोधनाची शिष्यवृत्ती हा मौका, निबंधस्पर्धा हा मौका, पक्षीगणना, नाट्यशिबिर, वादविवाद, सगळे मौके. मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नावही त्यांनी तेच ठेवलंय. त्यावर सकाळी सकाळी त्यांचे आवाजी निरोप येतात आणि त्यांत मागे कुकरच्या शिट्ट्या असतात. "बंगळुरूला उन्हाळ्यात दोन महिन्यांचं संशोधन आहे, मौका छान आहे, सगळ्यांनी अर्ज... थांबा, डाळ उतू जाऊन राहिली." मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मुलं तो निरोप शेवटपर्यंत ऐकतात, कारण शेवटची तारीख डाळीनंतर येते.

अभ्यासाबाहेरच्या गोष्टींबद्दल त्यांचा नियम उफराटा आहे. ज्याला जे येत नाही, त्यानं ते करायचं. "येतं तेच करायचं तर कॉलेज कशाला पाहिजे? घरी बस!" त्यामुळे आमच्याकडे वादविवाद मंडळात अडखळत बोलणारी मुलं आहेत आणि लोकनृत्यात माझ्या भौतिकशास्त्राच्या वर्गात पहिला येणारा मुलगा आहे. तो नाचताना न्यूटनचे सगळे नियम मोडतो. नियम स्वतःलाही लागू म्हणून पन्नाशी उलटल्यावर मॅडम बड्या तालाबावर मुलींबरोबर नाव वल्हवायला शिकायला गेल्या. नाव गोल गोल फिरत राहिली. काठावरून मी ओरडलो, "मॅडम, दुसरं वल्हं!" तर त्या तिथूनच, "बघून राहिले हो, कशी फिरते ते!" वर मुलींना सांगितलं, की बरोबर जायचं सगळ्यांना मालूम असतं, चूक कशी होते ते बघायला मिळणं हा मौका.

या सगळ्याला स्टाफरूममध्ये हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू का, मला या बाईचा अभिमान वाटतो. चार इमलीतल्या साहेबलोकांच्या बंगल्यांमधल्या मुलांना मौके शोधावे लागत नाहीत, ते वडिलांच्या फोनवरून घरपोच येतात. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरात 'रिसर्च' हा शब्द पहिल्यांदा त्या मुलाच्याच तोंडून ऐकलेला असतो. अशा घरांच्या दारात उभं राहून 'तुमच्या मुलीत काहीतरी आहे' असं सांगणारं माणूस लागतं, आणि ते आमच्याकडे आहे.

नीलम अशाच घरातली. तिचे वडील, रामस्वरूपजी, करोंदच्या मंडीत एका सेठकडे मुनीम आहेत. नीलमचं संशोधन साठवणीच्या गव्हात होणाऱ्या टोक्यांवर होतं, म्हणजे हिंदीत ज्याला घुन म्हणतात तो किडा. कुठल्या पाल्यानं तो दूर राहतो, हे ती बरण्यांत गहू भरून बघत होती. पोस्टर तयार झालं तेव्हा मॅडमना वाटलं, की या विषयाला जवाहर चौक पुरणार नाही. "गव्हाची गोष्ट मोज्यांसमोर काय सांगायची? मंडीतच जाऊ या."

आणि तिथे व्हायचं ते झालं. मॅडमचा आग्रह म्हणून नीलम प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून आलेली. मॅडमच्याही अंगात पांढरा कोट. माझ्या हातात किडे भरलेल्या बरण्या आणि मोठं भिंग. पोस्टरवर टोक्याचं चित्र, वासराएवढं. आम्ही मंडीत शिरलो आणि कुणीतरी ओरडलं, "जाँच आ गई!"

बघता बघता शटरं खाली आली. पोत्यांवर ताडपत्र्या पडल्या. एक गृहस्थ गव्हाच्या ढिगावर खाट टाकून चक्क झोपले. मग एका दुकानातून लस्सीचे ग्लास आले, त्यांच्यामागून काजूकतलीचा डबा आला, आणि डब्यामागून स्वतः सेठ आले. हात जोडून म्हणाले, "मैडम, क्यों परेशान होती हैं? आपस में बैठ के बात कर लेते हैं."

"बात ही तो करनी है!" मॅडम खूश झाल्या. "बैठिए. सबको बुलाइए."

सगळे आले आणि बसले. खाटेवरचे गृहस्थही उठून आले. तपासणीला आलेल्या सरकारी माणसांपुढून उठायची कुणाची छाती होणार? भर दुपारी, टिनाच्या पत्र्याखाली, मंडीतल्या बड्या बड्या व्यापाऱ्यांनी मांडी घालून टोक्याच्या आयुष्याची पूर्ण कहाणी ऐकली. पण पाच-दहा मिनिटांत त्यांचे चेहरे बदलले. पोरगी त्यांच्याच मालाबद्दल बोलत होती आणि त्यांना समजेल असं बोलत होती. प्रश्न यायला लागले. दरवेळी नीलम बरणी उचलून दाखवायची आणि जे माहीत नव्हतं त्याला "यह अभी देखा नहीं है" असं सरळ सांगायची. शेवटी सेठनी विचारलं, "बिटिया, किसकी लड़की हो?"

नीलमनं मागे बोट दाखवलं. पोत्यांच्या थप्पीला टेकून रामस्वरूपजी उभे होते. आपल्या सेठला जमिनीवर बसवून आपली मुलगी शिकवते आहे, हे बघून त्या माणसाला हसावं की पळावं ते कळत नव्हतं. सेठ म्हणाले, "मुनीमजी, बताया नहीं कभी!" तेव्हा ते नुसते गळ्यातला गमछा सारखा करत राहिले.

जाँच नव्हती हे कळल्यावर काजूकतलीचा डबा कुणी परत मागितला नाही, एवढं मंडीच्या बाजूनं सांगायला हवं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नीलमची त्या बंगळुरूच्या संशोधनासाठी निवड झाली. सगळ्या देशातून मोजकी मुलं घेतात, त्यात आमची एक. कॉलेजात पेढे वाटले गेले. पण खरं घोडं पेंड खात होतं करोंदला. नीलम स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मैडम, पापा ने मना कर दिया."

होकार कळवायला फार दिवस उरले नव्हते. मॅडम लगेच उठल्या, मी गाडी काढली.

रामस्वरूपजींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "मैडम, लड़की होशियार है, मैं जानता हूँ. पर हमारे यहाँ से कोई इतनी दूर नहीं गया. भाषा अलग, लोग अलग. घर का कोई साथ हो तो भेज दूँ." आणि घरचं जाणार कोण? उन्हाळा म्हणजे गव्हाचा मोसम. मंडीत ट्रॅक्टरांच्या रांगा, मुनीम एक दिवस हलू शकत नाही. आईच्या पदरात धाकटी दोन आणि अंथरुणावरची सासू.

मॅडमनी वसतिगृहाचं सांगितलं, तिथल्या मुलींचं सांगितलं, आधीच्या वर्षी जाऊन आलेल्या मुलाशी फोन लावून दिला. रामस्वरूपजी सगळ्याला मान हलवत होते आणि जागचे हलत नव्हते. नीलम दाराशी उभी होती. तिची बोटं ओढणीचं टोक इतकं पिळत होती, की मला तिकडे बघवेना.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "मैं जाऊँगी साथ. छुट्टियाँ हैं मेरी. वहाँ कमरा लेके रहेंगे दोनों."

मी चहाचा कप तसाच धरून राहिलो. मला हे गाडीत सांगितलेलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही ते तोंडातून बाहेर पडल्यावरच कळलं.

रामस्वरूपजी ओशाळले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मैडम, आपका बड़प्पन है. पर आप... घर की थोड़े ही हैं."

मुळ्ये मॅडमना मी तोवर कधी मान खाली घालताना पाहिलेलं नव्हतं. प्राचार्यांसमोर नाही, कुलगुरूंसमोर नाही. त्या घरात त्यांनी ती घातली. त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आम्हा कुणाची हिंमत झाली नाही. त्या बशीच्या कडेवरून उगाच बोट फिरवत राहिल्या. मला त्या क्षणी त्या भल्या माणसाचा राग आला.

तेवढ्यात आतून नीलमची आई बाहेर आली. हाताला कणीक तशीच होती. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "जो लड़की के लिए अपना घर छोड़ के जा रही है, वो घर की नहीं तो कौन है?" आणि मग मॅडमना, "दीदी, यह बैंगन नहीं खाती. और सुबह इसे दो बार उठाना पड़ता है."

झालं. विषय संपला.

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात दोघी गेल्या. स्टेशनवर मंडीतले सेठही आले होते, आणि शकीलभाईंनी मोज्यांचं पुडकं पाठवलं होतं, बंगळुरूला थंडी असते म्हणून. 'मौका' ग्रुपची जबाबदारी माझ्यावर आली. माझ्या निरोपांत कुकरच्या शिट्ट्या नसल्यामुळे ते कुणी ऐकत नाही, अशी तक्रार मुलांनी नंतर केली.

जूनच्या अखेरीला एका दुपारी मॅडमचा फोन आला. त्या दिवशी मुलांनी तिथल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर आपापलं काम मांडायचं होतं. मी सकाळपासून घरात काय करत होतो, मला आठवत नाही.

"झालं हो, सरदेसाई!" त्यांचा आवाज चढलेला होता. "काय बोलली पोरगी! एकानं अवघड प्रश्न विचारला, तर म्हणते, 'हे मी अजून बघितलेलं नाही, पण असं असं करून बघता येईल.' ते तिला म्हणाले, पुढच्या वर्षी ये आणि कर. खुद्द त्यांनी बोलावलं!"

मी अभिनंदन केलं. मॅडम मात्र फोन ठेवेनात. उगाच हवेबद्दल बोलल्या, इथे नारळाशिवाय भाजी होत नाही म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या.

"कार्यक्रम संपल्यावर ते प्रश्नवाले सर माझ्याकडे आले. मी मागे बसले होते, नीलमचा डबा घेऊन. म्हणाले, तुमची मुलगी फार पुढे जाईल."

"मग तुम्ही सांगितलंत ना, की तुम्ही तिच्या प्राध्यापिका?"

"नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "मी नुसतं थँक्यू म्हटलं." आणि मग, इतक्या वर्षांत मी कधी न ऐकलेल्या आवाजात, "चूक झाली का हो माझी?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "अजिबात नाही."

"बरं मग. ठेवते आता. सकाळपासून काही खाल्लेलं नाही तिनं."