बर्फातली पोरं आणि सोपाननाना

आमच्या शेजारचे सोपाननाना बिबट्याला प्रेमकथा वाचून दाखवतात. निम्मं गाव म्हणतं, नानांना वेड लागलं. उरलेलं निम्मं म्हणतं, बिबट्याला लागलं. माझा सगळा जन्म त्यांच्या बांधाला बांध लावून गेला आहे. मी जे पाहिलं ते सांगते.

उन्हं कलली की नाना गव्हाला पाणी धरतात. डोक्याला माकडटोपी, काखेत खोरं, हातात पुस्तक आणि तोंड उसाकडे. आवाज असा की ओतूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारावा. “ऐका पावणं,” म्हणून सुरुवात करायची. पावणं म्हणजे उसातला बिबट्या. संध्याकाळी त्याचं नाव घेतलं की तो येतो, असं नानांचं म्हणणं. मग ओरडून वाचतात, “नोराच्या पापण्यांवर हिमकण चमकत होते.”

आमच्याकडे थंडीत रानात गप्प राहून चालत नाही. पाणी भरताना वाकून वाफ्याचं मातीचं दार मोडावं लागतं आणि वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं. म्हणून एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने जवळ बसून बोलत राहायचं, अशी इथली रीत पडली आहे. कोणी थाळी वाजवतं, कोणी मोबाइलवर गाणी लावतं.

नानांची बायको पारू होती तोवर त्यांना कसली काळजी नव्हती. नाना पाणी धरायचे आणि पारू बांधावरच्या दगडावर बसून टीव्हीतल्या मालिका सांगायची. कोणत्या सुनेनं कोणाच्या दुधात काय कालवलं, हे मला माझ्या ओट्यावर बसून कळायचं. नाना खोरं आपटून म्हणायचे, “आगं गप की जरा, कान किटलं.” ती गप्प बसत नसे. मागच्या पावसाळ्यात तिनं ताप अंगावर काढला आणि गेली.

दिवाळीनंतर नानांनी आधी मोबाइल लावून पाहिला. गाणं चालू असताना बिबट्या त्यांच्या समोरून मळ्याचा रस्ता ओलांडून गेला, मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. नाना म्हणाले, “गाण्याला सरावलंय त्ये. समद्या वस्त्यांवर तीच गाणी. त्याला भांडणारं माणूस पाह्यजे.”

त्यांची नात श्वेता पुण्याला शिकते. ती दिवाळीत एक पुस्तक विसरून गेली होती. थंडीच्या सुट्टीत प्रेमात पडणाऱ्या पोरापोरींच्या गोष्टी, परदेशातल्या, मराठीत केलेल्या. वरच्या चित्रात बर्फ, आणि एका मफलरीत दोघांच्या माना. मी म्हटलं, गरिबी असेल. नाना म्हणाले, “न्हाई वैनी, पायात बूट बगा की.”

एक वाफा भरेपर्यंत नानांचं दीड पान व्हायचं. त्यामुळे ते गोष्टी वाफ्यांवर मोजायचे. ही सहा वाफ्यांची, ती दहाची. गोष्ट रंगात आली की वाफा तुडुंब होऊन पाणी माझ्या कांद्यात यायचं. मी ओट्यावरून शिव्या घातल्या की एका पायानं बांध दाबायचे आणि वाचन चालू ठेवायचे.

नुसतं वाचून त्यांचं भागत नसे. पुस्तकातल्या प्रत्येक पोराकडे ते स्थळ म्हणून बघायचे. एक पोरगा पाव भाजायच्या दुकानात कामाला होता. “पोरगं कष्टाळू हाय,” नाना उसाला सांगायचे, “पर जमीन किती, त्ये लिवलंच न्हाई.” एका गोष्टीत बर्फामुळे विमानं अडकली आणि दोन अनोळखी पोरं रात्रभर विमानतळावर गप्पा मारत बसली. नाना संतापले. पोरीच्या बापानं फोन का केला नाही? विमान कंपनीनं बाया वेगळ्या आणि बाप्ये वेगळे का बसवले नाहीत? एवढ्या बर्फात गुरांचं वैरणपाणी कोण बघतंय? याची उत्तरं मिळेपर्यंत ते पान उलटायचे नाहीत. शेवटी स्वतःच म्हणायचे, “आसंल एखादा चुलता घरी. पुढं ऐका पावणं.”

खरी पंचाईत मुक्यांची झाली. त्या लोकांत म्हणे नाताळात दाराला हिरवी डहाळी टांगतात आणि तिच्याखाली दोघं जण सापडली की मुका घ्यावाच लागतो. पुस्तकात अशा डहाळ्या जागोजाग टांगलेल्या. नाना सभ्य माणूस. ती जागा आली की आवाज खाली आणून पुटपुटायचे. शेवटी मी बांधावर गेले आणि सांगितलं, “भावजी, रोज मुक्यापाशी तुमचा आवाज पडतो. त्याला तेवढंच पाहिजे. मुका घेता घेता उचलून नेईल तुम्हाला.”

त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या रानात कांदा लावायला बाया आल्या होत्या. सगळ्या खाली वाकून रोपं लावत होत्या आणि उसाच्या कडेनं आवाज आला, “आणि त्यानं तिचा मुका घेतला.” शाळेपर्यंत गेला असेल. एक बाई रोपांच्या पाटीसकट चिखलात बसली. तेव्हापासून बाया लागणीची घाई करीनाशा झाल्या. पाणी प्यायला जाताना सांगून जायच्या, “नाना, थांबा जरा, मुका आमी आल्याव घ्या.” सरपंच येऊन म्हणाले, शाळेतली पोरं ऐकतात. नाना म्हणाले, मग तुम्ही येऊन बसा उसाकडं तोंड करून.

एका सकाळी बांधापलीकडे ओल्या मातीत ठसे दिसले, आणि ठशांमागे जनावर बसल्याची दबलेली जागा. नाना मला हाताला धरून घेऊन गेले. “बसून ऐकलंय, वैनी. पुरी गोष्ट ऐकून गेलाय.”

मी म्हटलं, “त्याचं तोंड माझ्या शेळीकडे होतं.”

“तुमच्या शेळीला कोन इचारतंय? त्याला नोराचं लागलंय.”

पुस्तकात शेवटची गोष्ट राहिली तेव्हा बिबट्यानं वरच्या वस्तीवरचं वासरू नेलं. पोरं त्याच वाटेनं शाळेत जातात, त्यामुळे लोक चिडले. वनखात्याची माणसं येऊन उसाच्या कडेला पिंजरा लावून गेली. पण बिबट्या पिंजऱ्याकडे फिरकेना. तेव्हा त्यांच्यातला एक तरुण गार्ड नानांकडे आला. म्हणाला, “बाबा, तुमच्या आवाजानं तो इकडं येत नाही. तो सापडेपर्यंत वाचन बंद. रानातही येऊ नका.”

नानांनी घासाघीस करून पाहिली. म्हणाले, “एकच राह्यलीय, सायेब. निम्मी झालीय. पोरगा गाडीच्या ठेसनात बाकावर बसलाय. दर सुट्टीला दोघं तितं भेटत्यात. औंदा बर्फ पडून गाड्या बंद. त्यानं कॉफीचे दोन गिलास आणल्यात, तिचा गार व्हाया लागलाय.”

गार्डचं लग्न व्हायचं होतं. त्यानं विचारलं, “मग, येते का ती?”

“त्येच तर म्हंतो.”

पण पोरांच्या वाटेचा प्रश्न होता. नानांनी ऐकलं. पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. “माज्यापाशी असलं तर मी वाचनार. तुमी ठेवा, आन् तुमीबी पुढचं वाचू नका.” मी ते पिठाच्या डब्यावर टाकलं. पुढचं वाचायला मला सवड नव्हती.

नाना गप्प झाले आणि सगळं रान ओस पडल्यासारखं झालं. त्यांच्या गव्हाला पुतण्या दिवसाउजेडी पाणी देऊन जायचा. बाया मुकाट कांदा लावून वेळेत घरी जाऊ लागल्या. नाना दारात बसून राहायचे. भाकरी दिली तर खायचे, विचारलं तर बोलायचे. एकदा मी म्हटलं, टीव्ही तरी लावा. म्हणाले, “लावला व्हता. त्या सुनेचं काय चाललंय त्ये कळंना. मदलं समदं ऱ्हायलं.”

मग एका पहाटे बिबट्या सापडला. सकाळी सगळं गाव मोबाइल घेऊन जमलं. पिंजरा गाडीत चढवला होता आणि जनावर बिथरू नये म्हणून वर हिरवं कापड टाकलं होतं. नाना गर्दीतून वाट काढत पुढे गेले. गार्डला म्हणाले, दोन शब्द बोलायचेत. त्यानं बाकीच्यांना मागे ढकललं. नाना कापडाजवळ वाकले. सबंध हिवाळ्यात मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

“पावणं, ती आली बरं का. गाडी उशिरानं आली, पर आली.”

आत बिबट्या गुरगुरला. मागून कोणीतरी म्हणालं, “नाना, मुका राहिला.” लोक हसले. गाडी धुरळा उडवत गेली. पुस्तक तर माझ्या पिठाच्या डब्यावर होतं. ती आली का नाही, हे ना नानांना ठाऊक होतं ना मला.

संध्याकाळी मी पुस्तकाचं पीठ झटकलं आणि त्यांच्या रानात गेले. नाना पाणी धरून उभे होते. आता बोलायचं कारण नव्हतं, म्हणून गप्प. बांधावरून जाताना पारूच्या दगडावर गोणपाट दिसलं. घडी घालून नीट अंथरलेलं, कोरडं. सगळं रान दवानं ओलं व्हायला लागलं होतं, म्हणजे आत्ताच आणलेलं. आणि कड उचलून पाहिली तर दगडावर त्याचा चौकोन उमटला होता, रोज अंथरल्यासारखा.

“हे कोणासाठी?” मी विचारलं.

नाना वाफ्याकडे बघत म्हणाले, “दगड लई गार पडतो.”

मी गोणपाटावर बसले नाही. शेजारी बांधावर टेकले आणि पुस्तक पुढे केलं. “घ्या भावजी. ते पोरगं बसलंय अजून बाकावर.”

“पावणं तर गेलं.”

“मी आलेय ना. वाचा.”

त्यांनी खोरं रोवलं, पान शोधलं आणि वाचायला लागले. ठेसनातले दिवे मालवत आले होते. पोराची कॉफी गार झाली होती, तिची तर कधीच. तो दोन्ही गिलास तसेच धरून बसला होता. झाडूवाला येऊन त्याला ऊठ म्हणत होता. नानांनी एरवी त्या झाडूवाल्याला सोडलं नसतं, पण आज वाचतच राहिले. मग लांबून गाडीचा दिवा दिसला.

मुका आला तेव्हा नाना ओरडले नाहीत. दगडाकडे तोंड करून, खाली आवाजात वाचलं. मीही मोठ्यानं वाचा म्हटलं नाही.

तोवर वाफा फुटून पाणी माझ्या कांद्यात गेलं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.